उतेऱ्याचं वावर

"जमीन रिकामी आहे" असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा एका गृहस्थांनी मोठ्या हौसेनं मला त्यांचा प्लॉट दाखवायला नेलं. शहराबाहेरचा नवा रस्ता, तारेचं कुंपण, आत गुडघाभर गवत. "बस, खाली पड़ा है," ते म्हणाले. मी पदर खोचला, खाली बसले, गवत बाजूला सारलं आणि त्यातलं रानमुगाचं एक रोपटं मुळासकट उपटून त्यांच्या हातात ठेवलं. बाई बऱ्या आहेत ना, अशा नजरेनं ते माझ्याकडे बघत राहिले. मी बरी आहे. मला फक्त त्या मुळांवरच्या बारीक गाठी त्यांना दाखवायच्या होत्या, आणि त्यांना परत गाडीत जाऊन बसायचं होतं.

हे सगळं दरवर्षी याच दिवसांत उसळून वर येतं. दिवाळीच्या माळा उतरलेल्या असतात, आसपासच्या खेड्यांत धान कापून होत आलेलं असतं, त्याच्या कोंड्याची बारीक धूळ पार शहरापर्यंत येते आणि सकाळी नाक खाजतं. मग एक दिवस आमच्या रायपूरच्या बूढापाऱ्यात तलावाच्या बाजूला बसणाऱ्या भाजीवाल्यांपुढे तिवऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचा ढीग दिसतो. तिकडे विदर्भात जिला लाखोळी म्हणतात, तीच ही. इकडे तिची भाजी घरोघरी होते; लसूण, लाल मिरची आणि थोडा तांदळाचा कणीदार चुरा घालून. मी पसाभर शेंडे उचलते, उलटे करून बघते. शेंड्यांना मुळं कुठून असणार? पण बघितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि भाजीवालीला वाटतं की मी माल किडका आहे का बघते आहे.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगणार आहे, त्या हिवाळ्यात रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगढची राजधानी झालं होतं. आमचं शहर तोवर तांदळाच्या व्यापाऱ्यांचं, रेल्वेवाल्यांचं आणि आळसावलेल्या दुपारींचं होतं. एकाएकी भोपाळहून फायलींचे ट्रक यायला लागले. लाल दिव्याच्या गाड्या पुरानी बस्तीच्या गल्लीत शिरायच्या, समोरून एखादी म्हैस यायची, आणि शासन तिथंच थांबायचं. जिथं रिकामी खोली असेल तिथं पाटी लागत होती. समता कॉलोनीत लोक स्वतः वरच्या मजल्यावर राहायला गेले आणि खाली कार्यालयं आली. आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या शेजारी एक अख्खं संचालनालय बसलं आणि दाढ दुखणारी माणसं चुकून तिथल्या बाकावर जाऊन बसायची. मला या सगळ्याची मोठी गंमत वाटत होती. माझे यजमान नागपूरचे, रेल्वेत. "तुमच्या नागपूरची राजधानी गेली ती गेली, आमच्या रायपूरला आली बघा," असं मी त्यांना येताजाता ऐकवायचे.

मी तेव्हा एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. कॉलेजच्या मागच्या फाटकापाशी जमिनीचा एक लहानसा तुकडा होता, बॅडमिंटनची दोन मैदानं मावतील एवढा. काळी चिकण माती, इथले लोक तिला कन्हार म्हणतात. पावसात पाय रुतला की चप्पल आत राहते, अशी. त्या तुकड्याला कागदावर मोठं नाव होतं, पण आम्ही सगळे त्याला वावरच म्हणत असू. तिथं मी धान लावत असे आणि धानात तिवरा.

धानात तिवरा म्हणजे काय, ते आमच्या मराठी पाहुण्यांना मला नेहमी समजावून सांगावं लागतं. धान पिकत येतं, पण वावरातला ओलावा अजून असतो. कापणीच्या आधी, उभ्या धानातच तिवऱ्याचं बी फेकायचं. नांगर नाही, कुळव नाही. चिखलात पडलेलं बी रुजतं, धानाच्या सावलीत वीतभर वर येतं. मग धान कापायचं आणि हे पोरकं पीक उघड्यावर सोडून द्यायचं. त्याला पुढे पाणी नाही, खत नाही, खुरपणी नाही. मातीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर ते फाल्गुनापर्यंत उभं राहतं, फुलतं, शेंगा धरतं. या रीतीला इकडे उतेरा म्हणतात. गरिबाघरची रीत आहे ही, आणि अशा रीतीकडे शिकलेली माणसं बघत नाहीत. मी बघत होते, कारण मला त्यातलं दुसरं पीक दिसत होतं, जे मुळांवर येतं.

त्या वर्षीचं बी मी घरीच तयार केलं. आमच्याच जिल्ह्यातल्या तिवऱ्याच्या मुळांवरून काढलेले जिवाणू मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांत वाढवले होते. ते कोळशाच्या बारीक भुकटीत कालवायचे, गुळाचं पाणी करून पूर्ण गार होऊ द्यायचं, त्यात भुकटी मिसळायची आणि तो काळा लगदा बियाण्याला चोळायचा. मग सावलीत वाळवायचं. उन्हात ठेवलं तर जिवाणू मरतात. आमच्या बूढापाऱ्यातल्या ओसरीवर मी जुन्या चादरी पसरल्या आणि त्यावर हे काळंभोर, चकचकीत बी. गुळाचा वास गल्लीभर. शेजारच्या बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "दीदी, तिल के लड्डू बना रही हो? अभी से?" मी हो म्हटलं असतं तर त्यांनी दोन दाणे तोंडात टाकलेच असते.

मुलीनं मात्र नाक मुरडलं. ती तेव्हा शाळेत होती, मराठी सगळं समजायचं पण उत्तर हिंदीत. "आई, फिर से कीड़े घर में?" ती म्हणाली. मी तिला सांगितलं की तुझ्या पोटात यापेक्षा जास्त आहेत. ती दिवसभर जेवली नाही.

या जिवाणूंवर माझा जीव का जडला, हे मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. शिकवताना मी मुलांना एवढंच विचारायचे की आत्ता तुमच्या नाकात काय जातंय? सगळे म्हणायचे, ऑक्सिजन. खरं तर पाचातले जवळजवळ चार वाटे नत्र असतं. प्रत्येक पानाला, प्रत्येक माणसाला नत्र हवं, त्याशिवाय अंगात मांस धरत नाही. आणि ते चहूकडे भरून राहिलेलं असून एकाही झाडाला थेट घेता येत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना अशी तिहेरी मिठी मारून बसलेले असतात की ती सोडवायला कारखान्यात प्रचंड दाब लागतो, भट्टीसारखी उष्णता लागते. आणि तेच काम हे डोळ्यांना न दिसणारे जीव चिखलात, थंडीत, मुळाच्या एका गाठीत बसून करतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला राग आला होता. इतकी वर्षं मला हे कुणी का सांगितलं नव्हतं, असा राग.

आणि हे जिवाणू मुळात घुसखोरी करत नाहीत, बोलावणं लागतं. तिवऱ्याचं मूळ मातीत काहीतरी सोडतं, त्याची चाहूल लागून जिवाणू जवळ येतात, ते उत्तर देतात, मग मुळाचा एक केसासारखा तंतू वाकतो, त्यांना कवेत घेतो आणि आत वाट करून देतो. हरभऱ्याचे जिवाणू वेगळे, सोयाबीनचे वेगळे; भलत्याच्या दारात उभे राहिले तर दार उघडत नाही. आत गेले की झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला नत्र देतात. त्यांच्या कामाला ऑक्सिजन बाधतो, म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्यासारखाच एक लाल पदार्थ तयार होतो, तो ऑक्सिजनला बेताबेतानं आत सोडतो. म्हणून चालती गाठ नखानं फोडली की आतून गुलाबी दिसते. पांढरी किंवा हिरवट निघाली तर समजायचं, इथं काम बंद आहे. मी मुलांना हे पुस्तकात कधीच दाखवलं नाही. वावरात उकिडवं बसायला लावायचे आणि स्वतःच्या नखानं गाठ फोडायला सांगायचे.

तर धान कापून झालं. वावरात पिवळी धसकटं उरली आणि त्यांच्या मधून तिवऱ्याची बारीक, गवतासारखी पानं वर डोकावत होती. अशाच एका सकाळी भोपाळहून आलेले एक साहेब फाटकातून आत शिरले. कॉलेजच्या आवारात एका नव्या कार्यालयाची इमारत उभी करायची होती, जागा शोधणं चाललं होतं. त्यांच्यामागे चार-पाच माणसं, सगळी इथलीच, धमतरी-महासमुंदकडची, आणि आमचे प्राचार्य साहू सर. साहू सर छत्तीसगढी, खेड्यातून आलेले, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. साहेबांनी बांधावर उभं राहून सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "ये तो खाली पड़ी है."

मी तिथंच, दहा हातांवर, मुळं मोजत बसले होते. उठले. म्हटलं, "खाली नहीं है सर, फसल खड़ी है."

"फसल तो कट गई."

"एक कटी है. दूसरी खड़ी है. आप उसी पे खड़े हैं."

त्यांनी बुटाखाली बघितलं. खरोखर बघितलं, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. पण त्यांना गवत दिसलं. त्यांनी मागच्या माणसांकडे पाहून विचारलं, "क्या है ये? घास है न?" आणि मागची ती सगळी माणसं, ज्यांच्या प्रत्येकाच्या गावात घरापाठच्या वावरात त्या घटकेला हाच तिवरा उगवत होता, ती गप्प राहिली. एकानं खाकरल्यासारखं केलं. साहू सर घड्याळाकडे बघत होते. साहेबांनी हातानं हवेत एक चौकोन काढला, इथून इथपर्यंत, आणि गाडीत बसून निघून गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साहेबाचं मी समजू शकत होते, तो परका होता, त्याच्या गावाकडे गव्हाची मोठी शेतं असतील. पण बाकीच्यांना काय झालं होतं? मी घरी आले तीच भांडी आपटत. यजमान जेवायला बसले होते. त्यांनी पानातून मान वर न करता विचारलं, "काहून भांडून राहिली तू त्या सायबासंग? बदली करून टाकन तो तुही."

"करू द्या."

"दोन टोपले लाखोळीसाठी? आमच्या इकडं तं तिले कोणी ढोरापुढंबी टाकत नाही. पाय जातात म्हणते."

"पाय लाखोळीनं जात नाहीत," मी म्हटलं. "उपासानं जातात."

त्यांनी मान वर केली. त्यांना वाटलं होतं की मी रडेन.

तिवऱ्याच्या कपाळावरचा हा डाग मला माहीत होता. दुष्काळाच्या वर्षी दुसरं काहीच पिकलं नाही, हे एकटं पीक तग धरून उभं राहिलं. मग माणसांनी सकाळी तेच खाल्लं, संध्याकाळी तेच खाल्लं, महिनोनमहिने तेवढंच खाल्लं, आणि त्यातल्या एका विषारी द्रव्यानं पाय लुळे पडले. त्यावर मोठमोठ्या लोकांनी काय केलं, तर तिकडे महाराष्ट्रात डाळीच्या विक्रीला बंदी. दुष्काळाच्या विक्रीला कधी कुणी बंदी घातल्याचं मी ऐकलं नाही. डाळ बेतानं खावी, भिजवून, पाणी ओतून देऊन खावी, नुसती तीच खाऊ नये, हे सगळं खरं आहे आणि मीही तेच सांगते. पण जे पीक तुमच्या सगळ्यात वाईट वर्षी तुमच्यासोबत उभं राहिलं त्यालाच गुन्हेगार ठरवायचं, ही कुठली रीत झाली? वर त्याचं नाव चारचौघांत घ्यायची लाज. आता मला कळलं होतं की बांधावरची माणसं गप्प का बसली. नवं राज्य, नवे साहेब, आणि आपण म्हणायचं की हे गवत नाही, हे आमचं खाणं आहे?

दुसऱ्या दिवशी मी साहू सरांच्या खोलीत गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत हेच बोलत राहिले की राजधानी झाली आहे, थोडी झळ सगळ्यांनाच सोसावी लागेल, तुम्हाला शहराबाहेर दुसरी जागा देतील. कुठली जागा, ते मला आधीच कळलं होतं. लाल, खडीची, पावसाचं पाणी न धरणारी भाठा जमीन, जिथं बाभळीसुद्धा खुरट्या होतात.

"सर, आप के गाँव में उतेरा होता था?" मी विचारलं.

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "मैडम, ये सब छोड़िए न."

मी सोडलं नाही. मी रोज सकाळी एक रोपटं मुळासकट उपटायचे, माती धुऊन त्यांच्या टेबलावर ओल्या कागदावर ठेवायचे आणि निघून यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी शिपायाकडून ते उचलायला लावलं. नंतर उचलणं बंद झालं. एकदा मी दाराशी आले तेव्हा ते एकटेच होते, चष्मा कपाळावर चढवला होता आणि अंगठ्याच्या नखानं गाठ फोडून बघत होते. मी पावलं न वाजवता परत फिरले.

साहेब पुन्हा आले तेव्हा पौष लागला होता. वावर निळं झालं होतं. तिवऱ्याचं फूल लहानसं असतं, पण निळा रंग असा की धसकटांचा पिवळेपणा झाकून जातो. या वेळी साहू सरांसोबत आखणी करणारे लोकही होते, खुंट्या आणि दोरी घेऊन. मी वावराच्या मधोमध जाऊन उभी राहिले. कॉलेजची मुलं वर्गातून उठून बांधावर आली. मी काही आंदोलन वगैरे ठरवलं नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की खुंटी ठोकायची तर माझ्या पायाशी ठोकावी लागेल.

"मैडम, आप समझदार हैं," साहेब म्हणाले. "दो बोरी दाल के लिए सरकार का काम रोकेंगी?"

मी त्यांना नत्राचं सांगायला लागले. हवेतून कसं येतं, मुळात कसं साठतं, पुढच्या धानाला त्यातलं कसं मिळतं. ते ऐकत होते पण डोळे खुंट्यांकडे. शेवटी त्यांनी सरळ साहू सरांना विचारलं, "साहू जी, आप बताइए. ये खेती है, या यूँ ही उगा है?"

साहू सर बांधावरून खाली उतरले. इस्त्रीची पँट, पॉलिश केलेले बूट, आणि खाली दवानं ओली कन्हार. ते वाकले, एक रोपटं उपटलं, मुळांची माती हातानंच झाडली आणि साहेबांसमोर धरलं. इतकी वर्षं मी त्यांना कॉलेजात शुद्ध हिंदीशिवाय बोलताना ऐकलं नव्हतं.

"ये तिवरा ए, साहब. हमन उतेरा बोथन. मैं एखरे भाजी खा के बाढ़े हंव." आम्ही उतेरा पेरतो, मी याचीच भाजी खाऊन वाढलो, असं ते सांगत होते. मग हिंदीत म्हणाले, "यूँ ही नहीं उगता सर. बोया है, तब उगा है."

मागून कुणीतरी हळूच "हव", म्हणजे हो, म्हटलं. मग दुसऱ्यानं म्हटलं. दोरी धरलेल्या माणसानं दोरी गुंडाळायला सुरुवात केली आणि साहेबांनी त्याला थांबवलं नाही. साहू सरांनी गाठ फोडून गुलाबी रंग दाखवला. साहेबांनी ती तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेली. "खून जैसा है," ते म्हणाले. मी म्हटलं, जवळजवळ तसंच आहे.

कापणीपर्यंत मुदत मिळाली. तेवढीच. मी जिंकले वगैरे काही नाही. इमारत होणारच होती, आणि मलाही ते कळत होतं. पण उभ्या पिकावर खुंटी ठोकली गेली नाही, आणि कागदावर पहिल्यांदाच त्या जागेसमोर "खड़ी फसल" असं आलं. त्या रात्री यजमानांनी आपणहून विचारलं, "ती भाजी आणून राहिली का तू? एखाद दिस कर." केली. त्यांनी दोनदा घेतली आणि कशी झाली ते सांगितलं नाही.

फाल्गुनात शेंगा वाळल्या. वावराचे मी तीन पट्टे केले होते: एकात जिवाणू चोळलेलं बी, एकात साधं बी, आणि एका पट्ट्यात युरिया फेकला होता. युरियाच्या पट्ट्यातली झाडं सुरुवातीला अशी हिरवीगार होती की बघणारे तिथंच थांबायचे. उपटून पाहिली तर मुळं साफ. एखाददुसरी गाठ, तीही पांढरी. बाहेरून फुकट मिळायला लागलं की झाड जिवाणूंना बोलावणं पाठवत नाही, इतका साधा हिशेब आहे. माझ्या मनात तेव्हा बरंच काही आलं, राजधानीबद्दल आणि वरून येणाऱ्या सगळ्याबद्दल, पण मी ते बोलले नाही. मुलांना फक्त तिन्ही मुळं शेजारी शेजारी ठेवून दाखवली.

कापणी वरून केली. मुळं जमिनीतच ठेवली. आणि मग मला ती गोष्ट सुचली, जी आजही आठवली की मी एकटी असले तरी हसते. मी साहू सरांना म्हटलं, "सर, ज़मीन उनकी है. मिट्टी के बारे में किसी ने कुछ लिखा है?" ते म्हणाले, "नहीं." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मैं परसों तक गाँव में रहूँगा."

यजमानांनी ओळखीच्या एकाचा ट्रॅक्टर मिळवून दिला. "पागल झाली ही बाई," असं म्हणत स्वतः ट्रॉलीच्या मागे उभे राहिले. मुलांनी फावडी आणली. वरची हातभर माती, जिच्यात मुळं होती, गाठी होत्या, धसकटं होती, ती सगळी आम्ही खरवडून काढली आणि ट्रॉलीमागून ट्रॉली त्या भाठा जमिनीवर नेऊन पसरली. जुन्या काळी माणसं हेच करायची. ज्या वावरात एखादं कडधान्य चांगलं येतं तिथली माती नव्या वावरात नेऊन टाकायची. माझी मुलगी शाळेच्या बुटांनी ढेकळांत उभी होती आणि टोपल्या मोजत होती. "आई, कीड़े भी जा रहे हैं न?" तिनं विचारलं. सगळे जात होते. त्या भाठ्यावर पहिल्या वर्षी तिवरा पिवळाच राहिला, दुसऱ्या वर्षी जरा सावरला. आता मी निवृत्त आहे, पण तिथं अजून धान होतं आणि धानात उतेरा होतो.

इकडे मागच्या फाटकापाशी एक खड्डा उरला. इमारतवाल्यांनी तो मुरूम टाकून भरला, दाबला, सपाट केला. चैत्रात भूमिपूजन ठरलं. मांडव, खुर्च्या, लाल गालिचा. मला निमंत्रण नव्हतं. मी प्रयोगशाळेत नळ्या धूत होते. कलश मांडायची वेळ झाली तेव्हा पंडितजींनी जव पेरायला स्वच्छ काळी माती मागितली, आणि त्या आवारात माती उरलीच नव्हती. मुरूम, खडी, सिमेंट. शिपाई चहूकडे पळाला आणि कुणीतरी त्याला सांगितलं की मॅडमच्या प्रयोगशाळेत जुन्या वावरातल्या मातीची एक बोरी आहे. शिपायाला मी परत पाठवलं. म्हटलं, ज्यांना हवी आहे त्यांना पाठव.

साहेब स्वतः आले. कोरा सफारी, कपाळावर कुंकवाचा टिळा. दारात उभे राहून म्हणाले, "मैडम, थोड़ी मिट्टी चाहिए थी." मी बोरीचं तोंड सोडलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, ताट, वाटी, निदान एखादी पिशवी. मी म्हटलं, "हाथ आगे कीजिए." त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. मी ती काठोकाठ भरली. मुळांचे तुकडे होते, बारीक गाठी होत्या, थोडी त्यांच्या बाहीवर सांडली. ते हात न हलवता, सांभाळून, वळून निघाले. त्यांना दारापर्यंत जाऊ दिलं आणि मग मी म्हटलं, "सर, पूजा होने के बाद वापस चाहिए. पूरी."

साहेब थांबले. ओंजळीकडे बघितलं आणि म्हणाले, "जी."